टॉमस आर्कवुडचं मूळ गाव

निखिलचा फोन आला तेव्हा मी मेडनहेड स्टेशनवर उभी होते. सकाळची गाडी रद्द झाली होती आणि प्लॅटफॉर्मवरचे सगळे आपापल्या फोनमध्ये डोकं घालून पुढची गाडी शोधत होते. "मुग्धा, आई गेला," तो म्हणाला, आणि लगेच, "गेली. पहाटे. झोपेत." निखिल नॉटिंगहॅममध्येच जन्मला आणि वाढला. त्याच्या मराठीत तो, ती, ते यांची कायम सरमिसळ होते, आणि त्याची आई, शालिनीताई, त्याला दर वेळी टोकायच्या. त्या दिवशी त्यानं स्वतःलाच टोकलं... ते ऐकून माझे डोळे भरून आले. पण खरं सांगायचं तर डोळे भरून येण्याच्या क्षणभर आधी मनात जे आलं, ते दुःख नव्हतं. 'बरं झालं, सांगून टाकलं होतं,' असं आलं. माणूस गेल्याची बातमी ऐकून पहिल्यांदा हायसं वाटावं याची मला तिथल्या तिथे लाज वाटली. आता सात आठवडे झालेत. लाज गेली आहे, हायसं वाटणं मात्र राहिलं आहे. ते कशाचं, हे सांगायचं तर शालिनीताईंबद्दल सांगावं लागेल, आणि त्यांच्याबद्दल सांगायचं तर टॉमस आर्कवुड नावाच्या एका माणसाबद्दल.

शालिनी रणदिवे लग्न होऊन नॉटिंगहॅमला आल्या तेव्हा बावीस वर्षांच्या होत्या. एका हॉस्पिटलच्या मेडिकल रेकॉर्ड्समध्ये त्यांनी अख्खी नोकरी काढली. पेशंटच्या फायली लावणं, शोधणं, योग्य डॉक्टरच्या हातात योग्य वेळी पोचवणं हे त्यांचं काम. यजमान लवकर गेले. निखिलला त्यांनी एकटीनं वाढवलं आणि एकटेपण खायला उठू लागलं तेव्हा शेजारणीबरोबर एका क्वायरमध्ये, म्हणजे समूहगानाच्या मंडळात, गाऊ लागल्या. मी चौदा वर्षांपूर्वी पुण्याहून एमएस्सीसाठी आले ती त्यांच्या घरातल्या वरच्या खोलीत राहायला. पहिल्या दिवशी खाली जेवायला गेले तर टेबलभर कागद. मधोमध ताटापुरती जागा केलेली. मी विचारलं, "हे कुणाचं सगळं?" तर त्या वरणात पळी फिरवत म्हणाल्या, "तू वरच्या खोलीत, हा खालच्या. कधी आला, कुठून आला कुणाला माहीत नाही, आणि जायचं नाव घेत नाही."

हा म्हणजे आर्कवुड. सोळाव्या शतकातला इंग्लंडमधला संगीतकार. दक्षिणेकडच्या एका कॅथीड्रलमध्ये तो गाणाऱ्या मुलांचा गुरुजी होता, तिथेच वारला, तिथेच पुरला गेला. एवढं नक्की. त्याच्या आधीचं मात्र काहीच नाही. जन्म कुठला, आईवडील कोण, गाणं कुणाकडे शिकला... संगीताच्या कोशांमध्ये त्याच्या नावापुढे कंसात नुसतं प्रश्नचिन्ह. रचना सहाच उरलेल्या आणि त्यातल्याही दोनच पूर्ण, कारण त्या काळी प्रत्येक आवाजाची वही वेगळी असायची आणि वह्या हरवल्या की तो आवाजच गेला. त्या दोनांपैकी एक ताईंच्या क्वायरनं बसवली होती. जेमतेम चार मिनिटांची. ताई अल्टोत, म्हणजे बायकांच्या खालच्या पट्टीत गायच्या. "चार जण चार वेगळ्या गोष्टी सांगतायत, आणि कुणी कुणाला अडवत नाही," त्या मला म्हणाल्या होत्या. "आमच्या घरात असं कधी झालं नव्हतं गं." घरी आल्यावर त्यांनी त्या माणसाचं नाव शोधलं, ते प्रश्नचिन्ह पाहिलं, आणि त्यांना ते सहन झालं नाही. फाईल अपुरी राहिलेली त्यांना कधीच सहन व्हायची नाही.

पुढची वीसेक वर्षं त्या आर्कवुडच्या मागे होत्या. संगीताचा अभ्यास नाही, इतिहासाची पदवी नाही. पण त्यांच्याजवळ एक गोष्ट होती जी इथल्या बऱ्याच हौशी संशोधकांजवळ नसते. त्यांचे वडील साताऱ्याकडे जमिनीच्या दप्तरखान्यात कारकून होते, आणि मुलीला त्यांनी लहानपणीच मोडी शिकवली होती. त्यामुळे सोळाव्या शतकातलं ते वेडंवाकडं इंग्रजी हस्ताक्षर पाहून ताई घाबरल्याच नाहीत. "मोडीत लेखणीच उचलत नाहीत. हे लोक निदान शब्द तरी सुटे करतात," असं म्हणून त्या भिंग घेऊन बसल्या आणि वर्षभरात सफाईनं वाचू लागल्या. रविवारी दुपारी त्या मलाही शिकवायच्या. मी चुकले की म्हणायच्या, "अंदाज करू नकोस. अक्षर सांग. अंदाज काय, कुणीही करतं."

मी तिथे राहायला जाण्याआधी दोनच वर्षं त्यांना ते सापडलं होतं. ट्रेंट नदीकाठच्या एका खेड्यातल्या चर्चच्या बाप्तिस्म्याच्या वहीत एक ओळ होती. गिरणीवाला विल्यम आर्कवुड आणि ॲग्नेस यांचा मुलगा टॉमस. साल बसत होतं. आडनाव तसं दुर्मिळ. आणि त्या काळी कॅथीड्रलची माणसं गावोगाव हिंडून चांगल्या आवाजाची मुलं उचलून नेत, हेही माहीत होतं. ताईंनी गोष्ट जुळवली. गिरणीवाल्याचा मुलगा, गोड गळा, कुणीतरी ऐकलं, शंभर कोसांवर नेलं, आणि तो परत कधी आपल्या गावी आला नाही. त्यांनी नॉटिंगहॅमच्या इतिहास मंडळात व्याख्यान दिलं. त्या खेड्यातल्या लोकांना इतका आनंद झाला की त्यांनी चर्चमध्ये लाकडी पाटी लावली. 'संगीतकार टॉमस आर्कवुड याचा बाप्तिस्मा इथे झाला.' दर उन्हाळ्यात तिथे त्याच्या रचना गायल्या जाऊ लागल्या. ताई पहिल्या रांगेत, साडी नेसून आणि वर कार्डिगन चढवून. मी एकदा गंमतीनं विचारलं, "ताई, कुठला कोण हा माणूस, त्याच्या जन्मगावाचं तुम्हाला एवढं का?" त्या म्हणाल्या, "आपल्याकडे कुणी भेटलं की पहिलं काय विचारतात? मूळ गाव कोणतं? माझ्या वडिलांच्या दर तीन वर्षांनी बदल्या. मला कधी सांगता आलं नाही. इथे पन्नास वर्षं काढली, तरी क्वायरमध्ये कुणी नवं आलं की विचारतं, ओरिजिनली कुठल्या? मी म्हणते नॉटिंगहॅम. ते म्हणतात, नो, बट ओरिजिनली... निदान त्याचं तरी सापडू दे."

नोकरी लागली तशी मी मेडनहेडला आले, पण महिन्यातून एक शनिवार-रविवार नॉटिंगहॅमला जाणं सुटलं नाही. गेल्या वर्षी ताईंचं हृदय थकलं. जिना चढवेना म्हणून पलंग पुढच्या खोलीत, खिडकीशी आला. देखभाल करणारी केअरर दिवसातून दोनदा येऊ लागली. जीपीनं, म्हणजे नेहमीच्या डॉक्टरनं, निखिलला बाजूला घेऊन महिन्यांचा हिशेब सांगितला, आणि निखिलनं मला. त्याच सुमारास इतिहास मंडळानं ठरवलं की ताईंचं सगळं काम पुस्तकरूपानं छापायचं. ताईंच्या चेहऱ्यावर रंग आला. पलंगावर बसून त्या प्रकरणं तपासायच्या आणि मला कामं सांगायच्या. अमुक कागदाचा नंबर पुन्हा बघून ये, तमुक नावाचं स्पेलिंग पडताळून घे. तसंच एक काम करताना मी जुनी कागदपत्रं ठेवणाऱ्या रेकॉर्ड ऑफिसच्या ऑनलाइन यादीत आर्कवुड हे नाव वेगवेगळ्या तऱ्हेनं लिहून शोधत होते, आणि एका स्पेलिंगनं उत्तर दिलं. कुणीतरी पूर्वी यादी करताना पुढे एक 'एच' लावला होता. हार्कवुड, टॉमस, गिरणीवाला. मृत्युपत्र.

एका शुक्रवारी रजा टाकून मी ते बघायला गेले. एकच पान होतं, कडा उंदरांनी खाल्लेल्या. ताईंनी शिकवलं होतं तसं एकेक अक्षर लावत गेले. मी टॉमस आर्कवुड, याच गावचा गिरणीवाला, देहानं आजारी पण मनानं सावध... माझे आईवडील विल्यम आणि ॲग्नेस जिथे विसावले आहेत त्याच आवारात मला पुरावं. खाली सही नव्हती. फुली होती. तीन वेळा वाचलं. अंदाजाला कुठे जागाच नव्हती. हे मृत्युपत्र लिहिलं गेलं त्यानंतरही कितीतरी वर्षं संगीतकार आर्कवुड दक्षिणेत मुलांना गाणं शिकवत होता. बाप्तिस्म्याच्या वहीतला टॉमस गाव सोडून कुठेही गेला नव्हता. त्यानं जन्मभर पीठ दळलं आणि तो आपल्या आईबापांशेजारी झोपला. ते दोन वेगळे टॉमस होते.

संध्याकाळी ताईंनी विचारलं, "काय गं, मिळालं काही?" मी म्हटलं, "नाही. काही नाही मिळालं." चौदा वर्षांत त्यांच्याशी बोललेलं ते माझं पहिलं खोटं. स्वयंपाकघरात निखिलला फोटो दाखवला. "प्लीज, तिला सांगू नको," तो म्हणाला. "शी हॅज मंथ्स. हा पुस्तक तिचा सगळं लाइफ आहे. नंतर आपण करेक्शन टाकू ना." त्याचं चूक होतं असं मला आजही म्हणवत नाही. मीही तेच ठरवलं होतं. पण पुढचे तीन आठवडे मी नीट झोपले नाही. ताई फोनवर शेवटच्या प्रकरणाबद्दल उत्साहानं बोलायच्या आणि मी हं हं करत राहायचे. पुस्तकाची तपासायची प्रत आली. तिच्या पहिल्याच पानावर त्या खेड्याचं नाव ठळक अक्षरांत होतं. ती मीच ताईंच्या मांडीवर ठेवली. मला वाटत होतं, या बाईनं मला अक्षर ओळखायला शिकवलं, आणि मी तिच्यापासूनच अक्षर लपवते आहे.

शनिवारची दुपार होती. केअरर नुकतीच गेली होती, खिडकीतून ऊन पलंगावर आलं होतं. ताई चष्म्यावरून माझ्याकडे बघत होत्या. "मुग्धा, तू तीन आठवडे माझ्या डोळ्याला डोळा भिडवत नाहीस," त्या म्हणाल्या. "नवऱ्याशी भांडलीस का?" मी म्हटलं नाही. "मग डॉक्टर काही बोललेत का, जे मला ठाऊक नाही?" मी म्हटलं, "डॉक्टरांचं नाही, ताई. आर्कवुडचं आहे." आणि पर्समध्ये घडी करून ठेवलेला प्रिंट त्यांच्या हातात दिला. त्यांनी भिंग मागितलं. मी पलंगाच्या कडेला बसून राहिले. त्यांचं बोट ओळीवरून सरकत होतं, थांबत होतं, मागे जात होतं. फुलीपाशी ते बराच वेळ थांबलं... मला वाटलं, संपलं, मी हिला मारलं.

मग त्या म्हणाल्या, "गाय कुणाला दिली गं यानं? हे नाव लागत नाहीये मला."

मी वाकून पाहिलं. "जोन. धाकटी मुलगी."

"हं. आणि मोठीला काय, तर पितळेचं भांडं. मोठी चिडली असणार." आणि त्या हसायला लागल्या. हसता हसता खोकला लागला, मी पाणी दिलं, खोकला थांबला तरी हसू थांबेना. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते कसलं, हे मला कळत नव्हतं. "अगं, दोन फायली एकत्र केल्या मी!" त्या म्हणाल्या. "मी! एकाच नावाचे दोन पेशंट. नाव जुळलं म्हणजे माणूस जुळला असं नाही, हे नव्या पोरींना मी पस्तीस वर्षं घसा फोडून सांगत होते."

मी म्हटलं, "ताई, मला माफ करा. तेव्हाच सांगायला हवं होतं." त्यांनी मला थांबवलं. टेबलाच्या खालच्या खणातून एक निळं पाकीट काढायला लावलं. आत त्यांच्याच अक्षरातलं एक कार्ड होतं, अकरा वर्षं जुनं. त्या खेड्याच्या जमीनदाराच्या कचेरीतल्या एका यादीची नक्कल. टॉमस आर्कवुड, गिरणीवाला. ज्या वर्षी संगीतकार दक्षिणेत होता, नेमक्या त्याच वर्षी. खाली ताईंनी लिहिलं होतं, 'चुलता असावा.' "कुठला चुलता?" त्या म्हणाल्या. "विल्यमला भाऊ होता याचा एकही कागद नाही. मला तेव्हाच कळलं होतं गं. पण पाटी लागली होती. लोक टाळ्या वाजवत होते. मी हे खणात घातलं आणि अकरा वर्षं दर उन्हाळ्यात त्या पाटीखाली बसून गाणं ऐकलं. गाणं ऐकायचं सोडून मी पाटीकडे बघायचे... आज सुटले." मग उशीवर डोकं टेकून, डोळे मिटून, अगदी शांतपणे पुन्हा एकदा, "सुटले बाई."

मी इतकी रडले की त्यांनाच मला पाणी द्यावं लागलं. संध्याकाळी निखिल आला तेव्हा आम्ही दोघी चहा पीत होतो. त्याला सगळं कळल्यावर तो माझ्यावर रागावला, मग आईकडे पाहिलं, आणि राग कुठे ठेवावा ते त्याला सुचेना. ताई म्हणाल्या, "असा काय उभा आहेस? तुझ्या आईची चूक झाली. माणसांची होते. जा, लॅपटॉप आण."

पुढच्या सहा आठवड्यांत आम्ही शेवटचं प्रकरण नव्यानं लिहिलं. त्या सांगायच्या, मी टाइप करायचे. मी नसेन तेव्हा निखिल टाइप करायचा. वीस वर्षांत त्यानं आईच्या आर्कवुडकडे ढुंकून पाहिलं नव्हतं. आता फोनवर मला विचारायचा, "मिलरनं सही कसा केला गं, त्याला रायटिंग येत नाही ना?" आणि मागून ताईंचा आवाज यायचा, "सही कसा केला नाही, सही कशी केली म्हण!" पुस्तकाच्या पहिल्या वाक्यावर त्या अडून बसल्या. मंडळाचे सेक्रेटरी फोनवर सुचवत होते की जरा मऊ लिहावं, 'अलीकडच्या पुराव्यामुळे शंका निर्माण झाली आहे' वगैरे. ताई त्यांना म्हणाल्या, की शंका निर्माण झालेली नाही, शंका संपली आहे. टॉमस आर्कवुड कुठे जन्मला हे आपल्याला माहीत नाही, आणि माझी आधीची समजूत चुकीची होती. एवढंच लिहायचं. आणि तेवढंच लिहिलं गेलं. निळ्या पाकिटातल्या कार्डाचा फोटोही त्यांनी पुस्तकात घालायला लावला, 'चुलता असावा'सकट. इंग्रजी पुस्तकातला मराठीतला तेवढाच मजकूर. त्याचं भाषांतर खाली तळटिपेत आहे.

राहता राहिली पाटी. तिची ताईंना खरी धास्ती होती. त्या गावच्या लोकांना आपण फसवलं, असं त्या म्हणायच्या. तिथल्या चर्चच्या धर्मगुरू असलेल्या विकर बाईंना त्यांनी हातानं पत्र लिहिलं, मृत्युपत्राची नक्कल जोडली आणि उत्तराची वाट बघत बसल्या. आठ दिवस काहीच आलं नाही. नवव्या दिवशी विकर स्वतः दारात, हातात घरी केलेला केक. मी तेव्हा तिथे होते. ताई उठून बसायचा प्रयत्न करत होत्या, माफी मागायला. विकर बाईंनी त्यांना बोलूच दिलं नाही. म्हणाल्या, "शालिनी, तुमचं पत्र मी रविवारी सगळ्यांना वाचून दाखवलं. गाय आणि भांड्याशी आल्यावर सगळं चर्च हसत होतं. आमच्या त्या आवारात चारशे वर्षांपूर्वीच्या एकाही माणसाचं नाव आम्हाला माहीत नव्हतं. आता एका कुटुंबाचं माहीत आहे." पाटी उतरवली होती, पण उन्हाळ्यातलं गाणं चालूच राहणार होतं. कारण गाणं चांगलं आहे, त्या म्हणाल्या, त्याला आमच्या गावचं असण्याची काय गरज? ताईंनी त्या दिवशी केकचे दोन तुकडे खाल्ले. डॉक्टरांनी साखर वर्ज्य केली होती. बशी निखिलनंच पुढे केली.

पुस्तक छापून आलं ते त्यांनी हातात घेतलं. चार दिवस उशाशी होतं. पाचव्या दिवशी त्या गेल्या, झोपेत, निखिलनं सांगितलं तसं. अंत्यविधीला क्वायरनं ती चार मिनिटांची रचना गायली, आणि निखिलनं आईबद्दल पाच ओळी मराठीत वाचल्या. एकही 'आई गेला' नव्हता. त्यानं आदल्या दिवशी मला फोनवर तीनदा म्हणून दाखवल्या होत्या.

गेल्या शनिवारी मी नॉटिंगहॅमच्या रेकॉर्ड ऑफिसात गेले. ताईंचं तिथलं सभासदाचं कार्ड बंद करायचं होतं, एवढंच काम. काउंटरवरची बाई ताईंना ओळखत होती. तिनं हळहळ व्यक्त केली, मग स्क्रीनकडे बघून जरा घुटमळली. म्हणाली, "मिसेस रणदिवेंनी फोनवरून एक ऑर्डर देऊन ठेवली आहे. आलेली आहे, मागे शेल्फवर आहे. रद्द करू का?" मी तारीख विचारली. पुस्तक प्रेसला गेलं त्याच्या दुसऱ्या दिवशीची. मला किंवा निखिलला त्या बोलल्या नव्हत्या. कागद कसले, तर नदीपलीकडच्या एका चर्चची बाप्तिस्म्याची वही, जिच्या वाटेला त्या वीस वर्षांत कधी गेल्या नव्हत्या, कारण टॉमस तर सापडलेलाच होता.

"रद्द नको," मी म्हटलं.

तिनं खिडकीजवळच्या टेबलावर जुनी वही टेकवायच्या राखाडी फोमच्या उशा मांडल्या आणि वही त्यावर ठेवली. वर ऑफिसची चिठ्ठी खोचलेली, 'रणदिवे, एस.' माझी परतीची गाडी दीड तासानं होती. मी पेन्सिल काढली, चिठ्ठी बाजूला सरकवली आणि पहिलं पान उघडलं. शाई फिकट झालेली, पण अक्षर बरं होतं, कुणीतरी सावकाश लिहिलेलं. पहिल्या पानावर बावीस मुलं जन्मली होती. त्यांत आर्कवुड नव्हता. मी पान उलटलं.